बाटलीवरचं वावर

बोर्डो हा शब्द मला कळायला लागल्यापासून ठाऊक आहे, पण वाइनचा म्हणून नाही. निफाड तालुक्यातल्या आमच्या मळ्यात विहिरीजवळ एक निळा पडलेला पिंप असायचा. एका बादलीत मोरचूद विरघळवायचं, दुसऱ्या बादलीत चुन्याची निवळी करायची आणि मग दोन्हींचं मिश्रण पिंपात तयार करायचं. आण्णा त्यात विळ्याचं पातं बुडवून बघायचे. पात्यावर तांबूस पुट चढलं की म्हणायचे, चुना कमी पडला, अजून घाला. याला आमच्याकडे ‘बोर्डो मारणं’ म्हणतात. डाऊनीची बुरशी पानावर बसायच्या आत ते मारावं लागतं. फवारणीच्या दिवसांत आण्णांच्या हातांची नखं निळसर असायची आणि त्या हातांनी ते संध्याकाळी हरिपाठाची वही उघडायचे. आण्णा माळकरी आहेत. आयुष्यभर द्राक्षं पिकवली, पण द्राक्षाची दारू त्यांनी ओठाला लावलेली नाही.

त्यामुळे सप्टेंबरच्या अखेरीस बोर्डोला पोचले तेव्हा शहराआधी मला ती माती बघायची होती जिथून आमचा पिंप निघाला. जिरोंद नदीच्या डाव्या काठाला मेदोकचा पट्टा आहे आणि त्यात सँ-झ्युलियाँ नावाचं छोटं गाव. रस्त्याला लागून द्राक्षमळे. पूर्वी वाटसरू येताजाता घड तोडायचे, म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडून ठेवायची इथं रीत होती. निळं दिसलं की कुणी हात लावत नसे. १८८०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या डाऊनीनं मळेच्या मळे झडत होते, तेव्हा मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना या रस्त्यांवरून जाताना दिसलं, की आतल्या वेलींची पानं गळाली आहेत आणि कडेच्या निळ्या वेली मात्र हिरव्या आहेत. १८८५ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं. चोरांसाठी केलेलं औषध माझ्या बापाच्या नखांपर्यंत आलं. त्या रस्त्याच्या कडेला मी बराच वेळ उभी राहिले. निळा डाग आता कुठं नव्हता. तोडणी नुकतीच उरकली होती आणि जमिनीवर गोटेच गोटे पसरले होते.

ते गोटे हीच मेदोकची दौलत. नदीनं युगानुयुगं आणून टाकलेली खडी. पाणी ठरत नाही, मुळं खोल जातात, दिवसाचं ऊन दगडात साठून राहतं. कॅबर्ने सोविन्यों हे उशिरा पिकणारं, जाड सालीचं द्राक्ष अशा उबदार जमिनीवरच पुरतं पिकतं. पूर्वेला नद्या ओलांडून सँतेमिलियाँकडे गेलं की चिकणमाती आणि चुनखडी लागते. तिथं मेर्लोचं राज्य. तिथली वाइन गोलसर, पिकल्या आलुबुखारासारखी, आणि इकडची ताठ. पहिला घोट घेतला तर जीभ आवळून येते, दातांवर लव चढल्यासारखी वाटते. आपल्याकडे या चवीला नेमका शब्द आहे : तुरट. कच्चं जांभूळ, सुपारी, जास्त उकळलेला चहा. आपण तुरटाला सहा रसांत बसवलं, पण जेवणात फारसा मान दिला नाही. इथं सगळं जेवण त्या तुरटाभोवती रचलेलं आहे.

ते कळलं रात्री, गावातल्या एका घरगुती पंगतीत. लांब लाकडी टेबल, आठ-दहा माणसं, पैकी निम्मी एकमेकांना अनोळखी. परसात वेलींच्या छाटलेल्या काड्या पेटवल्या होत्या. त्यांचा जाळ होऊन निखारे पडले की त्यांवर कोकराचं मांस भाजायचं. आमच्याकडे खरड छाटणीनंतर अशाच काड्यांचे भारे चुलीपुढं पडलेले असत, त्यामुळे तो धूर मला परका वाटला नाही. ताटातला मांसाचा पहिला तुकडा खाल्ला, मग वाइन घेतली, आणि मघाची तीच वाइन ओळखू येईना. सालीतला तुरटपणा जिभेला चिकटण्याऐवजी मांसातल्या प्रथिनांना आणि चरबीला चिकटतो. जीभ मोकळी राहते, आणि मागं काळ्या मनुकांचा, देवदाराच्या पेटीसारखा वास उरतो. वाइन मांसाचा तुपटपणा कापते आणि मांस वाइनचा ताठा उतरवतं. आपण खिचडीला लोणचं देतो, पुरणपोळीला कटाची आमटी देतो, त्याच जातीचं हे शहाणपण.

त्या पंगतीत कोपऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ होते. सूप संपत आलं तशी त्यांनी बाटली उचलली, खोलगट ताटलीच्या तळाशी उरलेल्या सुपात दोन बोटं तांबडी वाइन ओतली, ताटली गोल फिरवली, दोन्ही हातांनी ओठाला लावली आणि पिऊन टाकली. मग मिशी पुसली. कुणी बघितलंही नाही. शेजारच्या बाईंनी सांगितलं, याला ‘शाब्रो’ म्हणतात, नैर्ऋत्य फ्रान्समधली जुनी शेतकरी रीत, आता तरुण पोरं करत नाहीत. माझा घास हातातच राहिला. आण्णा जेवण झाल्यावर ताटात तांब्यातलं थोडं पाणी ओततात, बोटानं कडा धुतात, ताट फिरवतात आणि ते पाणी पितात. अन्नाचा कण टाकायचा नाही म्हणून. हाताची तीच फिरकी, मान मागं टाकायची तीच तऱ्हा. एकाच्या गळ्यात तुळशीची माळ आणि दुसऱ्याच्या ताटलीत वाइन. ही दोन माणसं एका पंगतीला बसली असती तर एकमेकांना चटकन ओळखलं असतं.

त्या टेबलावर चार तासांत कुणी झिंगलं नाही. आमच्याकडे पिणं जेवणापासून वेगळं, आधी, आडोशाला, चकण्यासोबत. जेवण नंतर, झालं तर. गावातल्या किती घरांत ते ताट झाकून ठेवलेलं मी पाहिलं आहे. इथं ग्लास पाण्याच्या ग्लासाशेजारी आणि पावाच्या तुकड्याशेजारी असतो आणि जेवण संपलं की तोही संपतो. दारूचे दुष्परिणाम फ्रान्सलाही चुकलेले नाहीत, ते लोक लपवतही नाहीत. पण घोट आणि घास यांची जी गाठ इथं बांधली आहे ती मला मोलाची वाटली.

बोर्डोत बाटलीवर घराण्याचं नाव असतं. शातो अमुक, शातो तमुक. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभाव बघून या घराण्यांची पाच पायऱ्यांची उतरंड लावली आणि ती आजही जवळपास तशीच आहे. वरच्या पायरीवर चढायचा मान पुढं एकालाच मिळाला, मुतों रॉथशील्डला, १९७३ साली. मला त्या भव्य फाटकांत फार रमता आलं नाही. मी निघाले बर्गंडीला, जिथं घराण्यापेक्षा वावर मोठं.

बोन हे तटबंदीचं गाव. मधोमध रंगीत कौलांचं जुनं इस्पितळ, १४४३ साली गरिबांसाठी स्थापलेलं. लोकांनी त्याला द्राक्षमळे दान दिले आणि त्या मळ्यांच्या वाइनचा लिलाव अजून दर नोव्हेंबरात होतो. आपल्याकडच्या देवस्थानच्या इनाम जमिनींसारखंच, फक्त देवाच्या जागी रोगी. गावातून दक्षिणेला पायवाटेनं निघाले. तासाभरात पोमार, पुढं व्होलने. उजव्या हाताला उतार, त्यावर गुडघ्या-कमरेएवढ्या वेली, एकमेकींपासून जेमतेम एक मीटरवर. आमच्याकडे मांडवाखालून माणूस ताठ चालतो. इथं तोडणी करणारा दिवसभर वाकलेला. पानं पिवळी पडू लागली होती. घराघरांतून आंबट-गोड वास येत होता, पिंपांत रस खदखदत असल्याचा. इथल्या वेली आता थंडीत निजणार, थेट वसंतात जाग्या होणार. आमच्या वेलींना झोप नाही. एप्रिलमध्ये एकदा छाटायच्या, ऑक्टोबरात पुन्हा छाटायच्या, डोळ्यांना पेस्ट लावून फुटायला लावायच्या. मी इथं उतारावर चालत होते तेव्हा आण्णांकडे गोडी छाटणीची गडबड चालली होती.

वाटेच्या कडेला, दगडी गडग्यांवर, वावरांची नावं कोरलेली आहेत. या तुकड्यांना इथं ‘क्लिमा’ म्हणतात. बर्गंडीच्या या उतारावर असे १,२४७ क्लिमा आहेत आणि २०१५ मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तांबड्या वाइनचं द्राक्ष सगळीकडे एकच, पिनो न्वार. बाटलीवर द्राक्षाचं नाव बहुधा नसतंच. असतं ते वावराचं. मी एकेक नाव विचारत गेले. पोमारचं ‘एपनो’ म्हणजे काटेरी झुडपांचं. ‘रुझियाँ’ म्हणजे तांबड्या मातीचं. व्होलनेचं ‘कायरे’ म्हणजे खड्यांचं, ‘क्लो दे शेन’ म्हणजे ओकच्या झाडांचं कुंपण. आणि माझ्या मनात आमची वावरं उभी राहिली : बाभळीचं, विहिरीचं, तांबडं, खडकी. तीच नावं आहेत हो! शेतकऱ्यानं जमिनीकडे बघून ठेवलेली, नांगर अडला त्यावरून, झाड उभं होतं त्यावरून. फरक एवढाच, की आमची नावं बांधावर राहिली. बाजारात आमचा माल जातो तो थॉमसन म्हणून, शरद म्हणून, सोनाका म्हणून, इतक्या मिलिमीटरचा मणी म्हणून. खडकीचा माल आणि विहिरीचा माल एकाच खोक्यात जातो. आण्णांना डोळे मिटून दोन्हींतला फरक कळतो, पण तो विकता येत नाही.

व्होलनेत एका शेतकऱ्याच्या तळघरात गेले. साठीचा माणूस, हात मनगटापर्यंत जांभळे, त्या जांभळ्या हातांची त्याला लाज नव्हती आणि घाईही नव्हती. सून दुभाषाचं काम करत होती. माझे वडील खायची द्राक्षं पिकवतात असं सांगितल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो एकरी उत्पन्नाचा नाही. त्यानं विचारलं, खाली काय आहे? मी सांगितलं, वर हातभर काळी, खाली मुरूम. त्यानं मान हलवली, जणू एखाद्या माणसाची ओळख करून दिली. मग काचेची लांब नळी पिंपात सोडली, वरचं तोंड अंगठ्यानं दाबलं आणि गेल्या वर्षीची वाइन दोन ग्लासांत सोडली. एक व्होलनेची, एक पोमारची. द्राक्ष तेच, माणूस तोच, वर्ष तेच, पिंपाचं लाकूड तेच. दोन्ही वावरांत कोसाचंही अंतर नाही. व्होलनेची वाइन ग्लासातून पलीकडचं बोट दिसावं इतकी पातळ रंगाची, वास गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्यांचा आणि चेरीचा. पोमारची दाट, मातीची, तोंडात बसकण मारणारी. पोमारला चिकणमाती आणि लोह जास्त, व्होलनेला चुनखडीचा पातळ थर. मी दोन्ही ग्लास पुन्हा पुन्हा हुंगत राहिले. विहिरीचं आणि खडकी अशी दोन वावरं दोन ग्लासांत माझ्यापुढं ठेवलीत, असं वाटत होतं.

बाहेर आल्यावर तो वाकला आणि एका वेलीच्या बुंध्यावरची गाठ त्यानं दाखवली. म्हणाला, इथून खाली अमेरिकन. कलमाची गाठ होती ती. १८६०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या एका बारीक किडीनं, फिलॉक्सेरानं, फ्रान्सच्या वेलींची मुळं खाऊन टाकली. प्लांशाँ या शास्त्रज्ञानं १८६८ मध्ये ती कीड मुळांवर शोधून काढली आणि शेवटी उपाय सापडला तोही अमेरिकेचाच : तिथला खुंट, त्यावर फ्रान्सचं कलम. रोमाने-काँती हे बर्गंडीतलं सर्वांत नावाजलेलं वावर, अवघं १.८१ हेक्टर. त्याच्या मालकांनी कलम न करता १९४५पर्यंत तग धरला, मग त्यांनाही वेली उपटाव्या लागल्या. आमच्याकडेही डॉगरीजचा अमेरिकन खुंट आहे, क्षार आणि पाणीटंचाईवर तोडगा म्हणून आणलेला. मी ते सांगितल्यावर सून हसली आणि म्हणाली, म्हणजे आपण पायांनी सख्ख्या बहिणी.

दुपारी तिथंच जेवले. अंडी, पण उकळत्या तांबड्या वाइनमध्ये सोडलेली, वर कांदा, डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे आणि दाट काळपट रस्सा. सोबत त्याच गावाची साधी वाइन. शेवटी सगळे पावाच्या तुकड्यानं ताट पुसून घेतात, भाकरीनं कालवण पुसावं तसं. शेतकऱ्यानं सांगितलं, त्याच्या सगळ्या जमिनीचे मिळून वीसेक तुकडे आहेत, काही दोन-चार ओळींचे. नेपोलियनच्या कायद्यानं सगळ्या मुलांना सारखा वाटा, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या. क्लो द वूजो हा भिंतीआडचा मळा पन्नास हेक्टरांचा, त्याला ऐंशीच्या आसपास मालक. सातबाऱ्यावर ओळखीची नावं वाढत जाताना बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पण इथं तुकडा झाला तरी नाव तुटत नाही. दोन ओळींचा मालकही त्याच वावराच्या नावानं बाटली विकतो.

पिनोला बर्गंडीचं राज्य मिळालं ते सहज नाही. १३९५ मध्ये इथल्या ड्यूकनं, धाडसी फिलिपनं, गामे नावाच्या भरघोस पिकणाऱ्या द्राक्षाला हलकं ठरवून हद्दपार केलं. गामे दक्षिणेकडे सरकलं आणि बोझोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर असं रुजलं, की ते तिथलंच वाटावं. बोझोलेची वाइन ल्योंकडे वाहते, तिच्या मागोमाग मीही ल्योंला गेले. ल्यों हे रेशीम विणणाऱ्यांचं शहर. तिथल्या ‘बुशाँ’ म्हणजे आपल्या खानावळी. पूर्वी धनिकांच्या घरी राबणाऱ्या स्वयंपाकिणींनी स्वतःच्या खानावळी काढल्या आणि विणकर, गाडीवान तिथं जेवू लागले. लोक त्यांना आईच म्हणत. त्यांच्यातल्या युजेनी ब्राझिए यांच्या दोन उपाहारगृहांना १९३३ मध्ये तीन-तीन मिशेलिन तारे मिळाले. गिरणगावात बायकांनी चालवलेल्या खानावळी मला तिथं आठवल्या. कामगाराच्या पोटाशी बांधलेलं अन्न, तोच कढत हात.

टेबलावर जाड बुडाची काचेची बाटली आली, ४६ सेंटिलिटरची, इथलं मापच ते. आत बोझोलेतल्या मोर्गोंची वाइन, थोडी गार. शेजारी ताज्या चीजमध्ये लसूण, कांदा आणि कोवळी हिरवी पात घोटलेली वाटी. नाव मोठं विचित्र, ‘विणकराचा मेंदू’, पण चव आपल्या चक्क्यात कोथिंबीर-लसूण घालावी तशी. गामेमध्ये तुरटपणा कमी, फळ जास्त. रासबेरी, जांभळ्या फुलांचा वास, आणि घोटाला घाई. पुण्यात मी एकदा काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर कॅबर्ने उघडली होती. तिखट दुप्पट झालं आणि वाइन कडू लागली. कारण मिरचीनं पोळलेल्या जिभेला तुरटही टोचतं आणि मद्यार्कही. त्या दिवशी चूक वाइनची नव्हती आणि मटणाचीही नव्हती, सोयरीक चुकली होती. आपल्या रश्श्याशी जमलंच तर हे गार गामे जमेल, असं मला त्या खानावळीत पक्कं वाटलं.

ल्योंहून ऱ्होन नदीच्या काठानं दक्षिणेला उतरले आणि तँ-लेर्मिताज या गावी थांबले. इथं यायचं आधीपासून ठरवलं होतं. नदी वळण घेते आणि वळणावर एक टेकडी दक्षिणेकडे तोंड करून उन्हात बसली आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी ताली, तालींवर वेली, आणि वर एक लहानसं प्रार्थनास्थळ. कथा अशी, की तेराव्या शतकात लढायांना विटलेला एक सरदार या टेकडीवर आश्रम करून राहिला. आश्रम म्हणून एर्मिताज. इथलं तांबडं द्राक्ष सिरा. नाशकात त्याला शिराझ म्हणतात.

शिराझ आमच्याकडेही होतं, खडकीत. एका वाइन कारखान्याशी करार करून आण्णांनी ते लावलं होतं. माळकऱ्यानं वाइनची द्राक्षं लावायची का, यावर घरात महिनाभर चर्चा झाली. आण्णा म्हणाले, मी द्राक्ष पिकवतो, पुढचं ज्याचं त्यानं बघावं. बारीक काळे मणी, जाड साल, आत बिया. आम्हा पोरांना ते खायला आवडायचे नाहीत. दोन वर्षं माल गेला, तिसऱ्या वर्षी कारखान्यानं उचलला नाही. घड वेलीवरच सुकले. त्या उन्हाळ्यात आण्णांनी ती बाग कुऱ्हाडीनं तोडली. मी तेव्हा बारावीत होते.

टेकडीखालच्या एका लहान उपाहारगृहात मी एर्मिताज मागवली, एकच ग्लास, कारण त्याहून जास्त परवडणारी नव्हती. सोबत मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं मेंढराचं मांस, त्यात नियोंसची सुरकुतलेली काळी ऑलिव्ह. वाइन जवळजवळ काळी. नाकाशी नेली आणि काळी मिरी दरवळली. हा भास नव्हे. मिऱ्यात जे सुवासिक द्रव्य असतं तेच सिराच्या सालीत असतं. मग धूर, मग काळी फळं, आणि शेवटी तापलेल्या दगडावर पाणी पडावं तसा वास. तो वास मला ठाऊक होता. मे महिन्यात खडकीवर वळवाचा पहिला थेंब पडतो तेव्हाचा.

जेवून टेकडी चढले. अर्ध्यावर बसून आण्णांना फोन लावला.

“पाऊस आहे का तिकडं?” पहिलाच प्रश्न.

“नाही. ऊन आहे. आण्णा, मी शिराझच्या मूळ गावी बसलेय. टेकडीवर.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पाणी कुठून उचललंय?”

“फारसं देत नाहीत. पावसावरच.”

“आणि माल?”

“एकरी दोन-अडीच टन धरा.”

“मग परवडतं कसं?”

मी सांगितलं : बाटलीवर टेकडीचं नाव असतं. आतल्या तुकड्यांनाही नावं आहेत, आपल्या वावरांसारखी. ते ऐकत होते. मागं कुणीतरी मजुरांना हाक मारत होतं, कात्र्यांचा आवाज येत होता.

“क्षेत्र केवढं आहे टेकडीचं?”

“सगळी मिळून एकशे तीस-पस्तीस हेक्टर.”

“म्हणजे आपल्या शिवाराएवढीसुद्धा नाही.”

“नाही.”

“ताली कशाच्या आहेत?”

“दगडी. नुसते रचलेले दगड. पावसानं माती खाली आली की पाठीवरून पुन्हा वर नेतात.”

“नेणारच,” आण्णा म्हणाले. “माती सोडून कसं चालंल? खडकीची खालची ताल यंदा फुटलीये. दिवाळीला आलीस की बघू, तिथले कसे रचतात ते नीट बघून ये.”

मी उठले आणि सर्वांत जवळच्या तालीपाशी जाऊन बसले. खाली मोठे दगड, आडवे, जरा आतल्या बाजूला कललेले. फटींत लहान चिपा ठोकलेल्या. चुना नाही, सिमेंट नाही. पाणी निघून जायला मधेमधे वीतभर जागा सोडलेली. मी वही काढली आणि चित्र काढायला घेतलं.